हिट एकच, मग 'ग्रेटेस्ट हिट्स' कसले? (पॅटी स्मिथ आणि इतर पंक मंडळी)

खुंटीवरचा_सदरा
पॅटी स्मिथ या अमेरिकन पंक (सत्तरीतलं खरखरीत, बंडखोर रॉक) गायिकेच्या निवडक गाण्यांचे दोन संग्रह आहेत. पहिला 'लँड', २००२ चा, दोन सीड्यांचा, अरिस्टा कंपनी सोडता सोडता काढलेला. दुसरा 'आउटसाइड सोसायटी', २०११ चा, एकाच सीडीत १८ गाणी, 'हॉर्सेस' (१९७५) पासून 'ट्वेल्व्ह' (२००७) पर्यंत सालवारीने लावलेली. सध्या दोन्ही आलटूनपालटून ऐकतोय आणि एक शंका काही केल्या जात नाही.

या बाईचं खऱ्या अर्थाने गाजलेलं गाणं एकच, 'बिकॉज द नाइट', १९७८. अमेरिकेत १३ व्या नंबरापर्यंत गेलं, ब्रिटनमध्ये ५ व्या. बाकी मानसन्मान भरपूर. 'पंकची गॉडमदर' म्हणतात, २००७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. पण हिट? आणि ते एकुलतं एक हिटसुद्धा अर्धं रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं. मग या संग्रहांच्या नावाखाली आपल्याला नक्की काय विकतायत?

माझं मत: पंकवाल्यांचे असे संग्रह काढूच नयेत. निदान हिचे तरी. तुम्हाला काय वाटतं? आणि नवख्या माणसाने सुरुवात कुठून करावी? 'लँड', 'आउटसाइड सोसायटी', की थेट 'हॉर्सेस'?

टिवल्याबावल्या
पहिली खुर्ची माझी. पॉपकॉर्न आणायला चाललोय, कुणाला हवेत?

कढीपत्ता
थेट 'हॉर्सेस'. धागा संपला.

खुंटीवरचा_सदरा
कढीपत्ता, इतक्यात बाजूला काढू नका हो. शंभरी गाठायचीय.

मधली_आळी
'अर्धं स्प्रिंगस्टीनचं' याला सक्त आक्षेप.

झालं असं की न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत जिमी आयोव्हिन एकीकडे स्प्रिंगस्टीनच्या अल्बमवर इंजिनिअर होता आणि दुसरीकडे पॅटीचा 'ईस्टर' करत होता. स्प्रिंगस्टीनचं एक गाणं अडकून पडलेलं. धृपद होतं, कडवी होत नव्हती. आयोव्हिनने त्याची कॅसेट मागून घेतली आणि पॅटीच्या हातात ठेवली. तिने ती तशीच बाजूला टाकली, कारण आपली गाणी आपणच करायची हा हट्ट.

तेव्हा तिचं गिटारवादक फ्रेड 'सॉनिक' स्मिथशी जमलेलं. तो डेट्रॉइटला, ही न्यूयॉर्कला. एका संध्याकाळी त्याचा फोन यायचा होता, आला नाही. करमेना, म्हणून तिने ती कॅसेट लावली. मध्यरात्रीच्या सुमाराला फोन वाजला तोवर कडवी लिहून झाली होती! गाण्यात मध्येच टेलिफोन येतो तो हा असा. ज्यांनी ट्रंक कॉल लावून ताटकळण्याचा काळ बघितलाय त्यांनी ते कडवं पुन्हा ऐका. धृपद त्याचं असेल, पण कडव्यातली तगमग पूर्ण हिची. अर्धं-बिर्धं काही नाही.

गोमू_संगतीनं
मधली आळी, क्या बात! हे माहीत नव्हतं. आमच्या पिढीने हे गाणं नव्वदीत केबलवर ऐकलं ते टेन थाउजंड मेनियाक्स या बँडचं, एमटीव्ही अनप्लग्डमधलं. १९९३ चं ते. मला बरीच वर्षं तेच मूळ वाटायचं. जाता जाता, ते अमेरिकेत ११ व्या नंबरावर गेलं होतं, म्हणजे मूळ गाण्याच्या दोन पायऱ्या वर.

टिवल्याबावल्या
म्हणजे एकुलतं एक हिट, त्यात एक भागीदार, वर तिसरीच येऊन जास्त वर घेऊन गेली. नशीब म्हणतात ते हे.

साडेतीन_मिनिटं
खुस, 'पंकवाल्यांचे संग्रह काढूच नयेत' हे सरसकट पटत नाही. उलट पंकला संग्रह फार मानवतात. मँचेस्टरच्या बझकॉक्सचा 'सिंगल्स गोइंग स्टेडी' (१९७९) घ्या. एलपीच्या एका बाजूला आठ सिंगल्सची मुख्य गाणी, दुसऱ्या बाजूला त्याच आठांच्या मागच्या बाजूची. बँड ऐकायला सुरुवात करायची तर लोक आजही हाच हातात देतात, त्यांचे नेहमीचे अल्बम नाही. रामोन्सचा 'रामोन्स मेनिया' (१९८८) घ्या, तब्बल ३० गाणी. हे जमतं कारण गाणं दोन-अडीच मिनिटांचं. आत शिरलं, बडवलं, बाहेर. कुठलंही उचला, कुठेही ठेवा, बिघडत नाही.

पॅटीचं तसं नाही. 'बर्डलँड' नऊ मिनिटांच्या वर. 'हॉर्सेस'मधलं 'लँड' हे गाणंही नऊ मिनिटांच्या वर. आधी नुसतं बोलणं, हळूहळू पियानो, मग गिटार, मग बाई अंगात आल्यासारखी सुटते. त्या चढण्यातच सगळी मजा आहे. आता गंमत सांगतो: 'लँड' नावाच्या संग्रहात 'लँड' हे गाणंच नाही.

कढीपत्ता
मिसळ हाउसात मिसळ सोडून सगळं.

खुंटीवरचा_सदरा
साडेतीन, बझकॉक्स मान्य. पण ती सिंगल्सच होती, सुटी गाणी म्हणूनच केलेली. माझा मुद्दा त्याने उलट पक्का झाला. 'बर्डलँड' मात्र 'लँड'च्या दुसऱ्या सीडीवर आहे, लाइव्ह.

अर्धवट_शहाणे
मूळ मुद्दाच कुणी विचारत नाहीये. ही बाई पंक आहे का? मला तर गिटार लावून केलेलं काव्यवाचन वाटतं. पंक म्हणजे सेक्स पिस्टल्स. सेफ्टीपिना, उभे केस, शिव्या.

साडेतीन_मिनिटं
अश, सेक्स पिस्टल्सचं पहिलं सिंगल नोव्हेंबर १९७६ मध्ये आलं. 'हॉर्सेस' नोव्हेंबर १९७५. त्याही आधी, १९७५ च्या सुरुवातीला, ही आणि टेलिव्हिजन हा बँड न्यूयॉर्कच्या बावरी भागातल्या सीबीजीबी बारमध्ये कित्येक आठवडे गुरुवार ते रविवार वाजवत होते. त्या कळकट बारमधून जे बाहेर पडलं त्याला पुढे पंक नाव मिळालं. १५ ऑक्टोबर २००६ ला सीबीजीबीत शेवटचा कार्यक्रम झाला तोही हिचाच.

आणि काव्यवाचन म्हणाल तर ते खरंच आहे. १० फेब्रुवारी १९७१, सेंट मार्क्स चर्च. कवितावाचनाला उभी राहिली आणि साथीला लेनी के इलेक्ट्रिक गिटार घेऊन. गाडी सुरू झाली तिथून. तो अजून तिच्याबरोबर वाजवतो.

म्हापशाचो_पाव
आमच्या गोव्यात पाश्चात्य संगीताला तोटा नाही, घरटी एक तरी गिटार. पण पंक कधी रुजलं नाही. माझ्या काकांचा लग्नात वाजवणारा बँड होता. त्यांना मी पॅटीचं 'ग्लोरिया' ऐकवलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "बाबा, कॉर्ड तीनच आहेत, पण ती मुलगी चौथी शोधतेय." कौतुक होतं की टोमणा, मला आजवर कळलेलं नाही.

टिवल्याबावल्या
काकांना धाग्यावर आणा. बाकी 'आउटसाइड सोसायटी'तलं चौथं गाणं 'पिसिंग इन अ रिव्हर'. आमच्या मुळा-मुठेत हा कार्यक्रम रोज चालतो, पण कुणाला गाणं सुचलेलं नाही.

गोमू_संगतीनं
टिबा, हसा, पण ते गाणं एकदा डोळे मिटून ऐका. सोडून जाणाऱ्या माणसाला थांबवण्यासाठी आणखी काय काय करू, असं विचारणारं गाणं आहे. शेवटी गिटार जी रडते!

पिवळा_कागद
थोडं अवांतर, पण राहवत नाही. १९७१ मध्ये तिकडे ही चर्चमध्ये उभी राहून कविता ओरडते आणि १९७२ मध्ये इकडे नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' येतं, त्याच साली दलित पँथर. मध्ये धागाही आहे. अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत होता, इथल्या कवींमध्ये त्याची ऊठबस होती. तोच गिन्सबर्ग पॅटीचा वडीलधारा. पहिल्या भेटीत त्याने तिला सँडविच घेऊन दिलं, तेही मुलगा समजून! त्याच्या कवितेवर तिने पुढे 'स्पेल' केलं, ते 'लँड'च्या दुसऱ्या सीडीत आहे. मला पॅटी ऐकताना ढसाळ आठवतात. तीच अंगावर येणारी भाषा, तीच लय.

वेशीबाहेर
पिवळा कागद, लय मान्य. पण इथे जरा थांबू या.

'आउटसाइड सोसायटी' हे नाव आलंय 'ईस्टर'मधल्या एका गाण्यातून. त्या गाण्याच्या शीर्षकात काळ्या लोकांसाठीची शिवी आहे, ती मी इथे लिहिणार नाही. तिचं म्हणणं असं की समाजाने बाहेर टाकलेला प्रत्येक माणूस, कलावंत, बंडखोर, अगदी येशूसुद्धा, या शब्दात येतो. म्हणून तो शब्द आपण अभिमानाने घ्यायचा.

मला विचाराल तर हा शब्द तिने घ्यायचा नव्हता. ढसाळांनी जे लिहिलं ते ज्या वस्तीत राहिले तिथलं. बाहेर कुणी टाकलं, कसं टाकलं, ते त्यांच्या अंगावर होतं. हौसेने समाजाबाहेर पडलेला माणूस संध्याकाळी परत आत येऊ शकतो. जन्माने बाहेर ठेवलेल्याला ती सोय नसते. आपल्याकडे एखाद्या सदाशिवपेठी कवीने जातिवाचक शिवी शीर्षकात घालून 'मीही तोच' म्हटलं असतं तर? २०२२ च्या सुमाराला ते गाणं स्ट्रीमिंगवरून गुपचूप गेलं. गाणं गाळलं आणि त्यातून घेतलेलं नाव संग्रहाच्या कपाळावर राहिलं, हे तर आणखी विचित्र.

पिवळा_कागद
वेशीबाहेर, तुलना लयीपुरतीच होती. तुमचा मुद्दा बिनतोड आहे.

अर्धवट_शहाणे
त्या काळाच्या चौकटीत बघायला नको का? १९७८ आहे ते. आज सगळ्यांनाच सगळं लागतं.

वेशीबाहेर
ज्यांच्यासाठी तो शब्द वापरला जायचा त्यांना तो १९७८ मध्येही लागतच होता. फक्त त्यांना विचारत कोण होतं?

मधली_आळी
वेशीबाहेर, शब्दाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. 'हौसेने' बद्दल नाही. जन्म १९४६ चा, बालपण दक्षिण न्यू जर्सीत, घरची ओढगस्त. विशीत मूल झालं, ते दत्तक द्यावं लागलं. १९६७ मध्ये न्यूयॉर्कला आली ती खिसा रिकामा घेऊन. त्याआधी कारखान्यात काम. ही काही बंगल्यातून बंड करायला निघालेली मुलगी नव्हे.

शिफ्ट_इन्चार्ज
अनेक वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहितो. कारखान्याचा विषय निघाला म्हणून.

'लँड'च्या दुसऱ्या सीडीवर पहिलंच 'पिस फॅक्टरी' आहे. १९७४ च्या तिच्या पहिल्या सिंगलची मागची बाजू. 'आउटसाइड सोसायटी'त ते नाही. ड्रम नाहीत. रिचर्ड सोलचा पियानो, लेनी केची गिटार आणि ही नुसती बोलत सुटते. विषय काय, तर पीसवर काम करणारी नवी पोरगी भराभर काम उरकते आणि फ्लोअरवरची सीनिअर बाई येऊन तिला दटावते की हळू घे, तू आमचा कोटा बिघडवतेस.

मी एमआयडीसीत प्रेस शॉपला उमेदवारी केली आहे. तिथे पहिल्याच आठवड्यात मला एका जुन्या ऑपरेटरने हेच सांगितलं. आवाज न चढवता, तंबाखू मळत. "साहेब घड्याळ लावून बसलाय. तू चारशे काढलेस की उद्या सगळ्यांना चारशेच मागणार." त्याचंही बरोबर होतं आणि माझीही चूक नव्हती. प्रेसच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, ओठ वाचायला शिकावं लागतं. त्या गाण्यात पियानो जसा थांबतच नाही, तसं मशीन थांबत नाही. पंक-बिंक मला कळत नाही, पण कारखान्यावर इतकं खरं गाणं मी कुठल्याच भाषेत ऐकलेलं नाही. हे एक गाणं असल्यामुळे माझं मत 'लँड'ला.

कढीपत्ता
शिफ्ट इन्चार्ज, इतकी वर्षं गप्प का होतात? लिहीत जा हो.

वेशीबाहेर
शिइं, +१. 'हौसेने' मागे घेत नाही, पण हे गाणं आजच ऐकतो.

मिशिगनची_मावशी
मी डेट्रॉइटजवळ राहते. इथून जवळच्या सेंट क्लेअर शोअर्समध्ये पॅटी आणि फ्रेडने संसार केला, म्हणून मलाही बोलायचा हक्क आहे असं समजते.

सगळे 'लँड'चं कौतुक करताय, मी 'आउटसाइड सोसायटी'च्या बाजूने. का, तर सालवारी. नवव्या आणि दहाव्या गाण्यामध्ये सीडीवर जेमतेम दोन सेकंद जातात. प्रत्यक्षात नववं १९७९ चं आणि दहावं १९८८ चं. मधली नऊ वर्षं बाई लग्न करून इथे आली, मुलं वाढवली, एकही अल्बम नाही. दहावं गाणं 'पीपल हॅव द पॉवर'. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, फ्रेड आत आला आणि म्हणाला, "लोकांच्या हाती सत्ता आहे. लिही यावर." पुढे जगभरच्या मोर्च्यांत म्हटलं गेलेलं गाणं हे असं साली काढता काढता आलंय!

मग अकराव्या आणि बाराव्यामध्ये आणखी आठ वर्षं. त्यात १९८९ मध्ये रॉबर्ट मॅपलथॉर्प गेला, 'हॉर्सेस'च्या कव्हरचा तो प्रसिद्ध फोटो काढणारा तिचा जिवाभावाचा मित्र. १९९० मध्ये रिचर्ड सोल गेला, शिफ्ट इन्चार्ज म्हणतात तो पियानोवाला. १९९४ च्या नोव्हेंबरात फ्रेड गेला, पाठोपाठ महिन्याभरात तिचा भाऊ. बारावं गाणं लागतं, 'बिनीथ द सदर्न क्रॉस', १९९६ चं, आणि आवाजच वेगळा. खाली उतरलेला, खडबडीत. मागे गायक जेफ बकली गातोय, तोही पुढच्या वर्षी गेला. हे सुट्या अल्बमवर कळत नाही. ओळीने लावल्यावर कळतं.

'लँड'मध्ये क्रम विस्कटलाय. पहिलंच 'डान्सिंग बेअरफूट', मग मागे-पुढे उड्या. ऐकायला छान, पण बाईचं आयुष्य त्यातून दिसत नाही.

गोमू_संगतीनं
मावशी, वाचनखूण साठवली. बटाट्याचं घरी सांगितलं. उत्तर आलं, "तू बटाटे सोल, मी विषय सुचवतो."

टिवल्याबावल्या
गोमू, त्यावर सुरीचं काय झालं ते लिहा.

पिवळा_कागद
मावशींच्या क्रमाच्या मुद्द्यात एक भर. 'एंट इट स्ट्रेंज' दोन्ही संग्रहांत आहे. जानेवारी १९७७ मध्ये फ्लोरिडातल्या टँपाला हेच गाणं गाताना गिरक्या घेत ती स्टेजवरून खाली पडली, मानेचे मणके मोडले. त्यानंतरचा अल्बम 'ईस्टर', नावासकट पुनरुत्थानाचा. सालवारीत त्या गाण्यानंतर एक सोडून लगेच 'बिकॉज द नाइट' येतं.

आणि तक्रार: २००४ च्या 'ट्रॅम्पिन'मध्ये 'गांधी' नावाचं नऊ मिनिटांचं गाणं आहे. 'आउटसाइड सोसायटी'त त्या अल्बममधून फक्त शीर्षकगीत घेतलंय, लेकीच्या पियानोवरचं. पुन्हा तोच लांबीचा घोळ. तिबेटवरचं '१९५९' मात्र दोन्हीकडे आहे.

अर्धवट_शहाणे
शेवटी निर्वाणा बँडचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' ठेवलंय म्हणे. दुसऱ्याचं गाणं आपल्या निवडक संग्रहात? आणि बँजोवर? त्यांचा गायक कर्ट कोबेन स्वप्नात येईल.

साडेतीन_मिनिटं
बँजो वाजवणारा सॅम शेपर्ड आहे, नाटककार, तिचा जुना मित्र. आणि दुसऱ्याचं म्हणाल तर पहिलं गाणं 'ग्लोरिया' कुणाचं? व्हॅन मॉरिसनचं, वर तिची कविता चढवलेली. दुसऱ्याच्या घरात शिरून भिंती पाडायच्या हा तिचा पहिल्यापासूनचा धंदा आहे. संग्रहाची दोन्ही टोकं तीच सांगतात. मला तरी ते मुद्दाम केलेलं वाटतं.

बँजोचं ते गाणं मलाही फारसं आवडत नाही, हे वेगळं.

लंडनकर_तात्या
उशिरा आलो. २०२५ च्या ऑक्टोबरात इथल्या पॅलेडियम थिएटरमध्ये 'हॉर्सेस'ची पन्नाशी साजरी झाली तिला होतो. अख्खा अल्बम ओळीने वाजवला. बाई ७८ वर्षांची. माझ्या शेजारी एक आजोबा चामड्याच्या जाकिटात, गुडघ्याला पट्टा. 'लँड' सुरू झालं तसे उभे राहिले आणि शेवटपर्यंत बसले नाहीत. मी मध्ये बसायचा विचार केला होता, लाजेने उभा राहिलो.

मत: 'हॉर्सेस'. संग्रह वगैरे नंतर. स्टॉकहोमला नोबेलच्या वेळी बॉब डिलनचं गाणं म्हणताना ओळ विसरली, माफी मागून परत सुरू केलं, तो २०१६ चा व्हिडिओ नवख्याला आधी दाखवा. माणूस आवडला की गाणी आपोआप ऐकतो.

खुंटीवरचा_सदरा
सगळ्यांचे आभार. माझं म्हणणं थोडं सरकवतो, सोडत नाही. 'हिट्स' या अर्थाने हे दोन्ही संग्रह नाहीतच. 'लँड'ची दुसरी सीडी म्हणजे तिच्या घरातला माळा आहे आणि शिफ्ट इन्चार्जांनी तिथली खरी वस्तू काढून दाखवली. 'आउटसाइड सोसायटी' मावशींनी सांगितलं तसं, सलग आणि सालवारीने ऐकायचं, शफल बंद करून. पण 'हॉर्सेस' आधी, यावर बहुमत दिसतंय. मी स्वतः नवख्याला आता 'पिस फॅक्टरी'च पहिलं ऐकवीन. पाच मिनिटांत कळेल पुढे जायचं की नाही.

वेशीबाहेर, तुमचा प्रश्न मला या सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. तेवढ्यासाठी वेगळा धागा काढाल का?

वेशीबाहेर
काढतो. रविवारी सवड आहे.

म्हापशाचो_पाव
काका विचारतात, 'लँड'ची जुनी डबल सीडी कुणाकडे विकायची आहे का? भाव वाजवी हवा.

कढीपत्ता
काका वाजवणार कशावर?

म्हापशाचो_पाव
त्यांच्या गाडीत अजून सीडी प्लेअर आहे. त्याच्यासाठीच गाडी विकत नाहीत.